चार उभे, वीस बसलेले

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी नवीन माणूस मला विचारतं, "तुम्ही इथे काय करता?"

"शाळेत आहे."

"अरे वा! काय शिकवता?"

"गणित."

इथपर्यंत चेहऱ्यावर आदर असतो. पुढचा प्रश्न ठरलेला. "कितवीला?"

"चार ते सात वर्षांची मुलं."

"अच्छा, म्हणजे पाढे वगैरे."

"नाही हो. आम्ही खेळतो."

यानंतर समोरचा माणूस शिऱ्याच्या वाटीकडे वळतो. मला त्याचं काही वाटत नाही. चिंचवडला दहावीच्या क्लासमध्ये अकरा वर्षं बीजगणित शिकवलं, तेव्हा मीही अशा बायकांकडे बघून हेच केलं असतं. माझ्या हातून दोन-तीन पिढ्या वर्गसमीकरणं सोडवून बाहेर पडल्या होत्या. मणी ओवणं म्हणजे गणित, असं कुणी म्हणालं असतं तर मी हसले असते.

मग नवऱ्याची नोकरी आइंडहोवनला आली. आम्ही शेजारच्या न्यूनेनमध्ये घर घेतलं आणि मी 'अवलंबून असलेली पत्नी' या शिक्क्यासह इथे उतरले. मुलगी शाळेत जायला लागली. शाळेला मदतीला मुलांच्या आया लागतात. मी सफरचंदं कापायला गेले आणि राहिले. मधे भाषेचे क्लास झाले, सहायक शिक्षिकेचा कोर्स झाला. ते सगळं सांगत बसत नाही. सतरा वर्षं झाली. मुलं मला 'युफ मेदा' म्हणतात. युफ म्हणजे बाई. त्यांच्या जिभेला 'ध' नाही, त्यामुळे मेधाची मेदा झाले. आईबापांनी बुद्धीवरून ठेवलेलं नाव चरबीवर गेलं, आणि वयानुसार ते आता शोभतंही.

काम काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पहिल्याच आठवड्यात मी एका चार वर्षांच्या मुलाला कौतुकाने पुढे उभं केलं. तो वीसपर्यंत घडाघडा म्हणत होता. वर्गाची मुख्य शिक्षिका हानेका, उंच, केस कायम पेन्सिलीने खोचलेले. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाली, "छान. आता त्या खोक्यातून मला पाच चेस्टनट आणून दे." मुलगा पळत गेला आणि झाडाखाली वेचलेल्या त्या तपकिरी बियांच्या दोन्ही मुठी भरून घेऊन आला. चौदा होत्या. त्याच्या लेखी 'पाच' म्हणजे कवितेतली पाचवी ओळ होती. तिचा त्या मुठीतल्या वस्तूंशी काही संबंध असतो हे त्याला अजून कुणी दाखवलं नव्हतं.

ते दाखवणं हे माझं काम. एका आकड्याला एक चेस्टनट, दोन नाही आणि शून्यही नाही. शेवटी जो आकडा येतो तोच 'किती'चं उत्तर. वस्तू पसरून ठेवल्या म्हणून वाढत नाहीत. पाचाचे दोन आणि तीन होतात, चार आणि एकही होतात. दहावीच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, कारण ते त्याला कधी कळलं हे तोच विसरलेला असतो. या मुलांना ते आज सकाळी, आपल्या डोळ्यांसमोर कळतं. त्या क्षणी त्यांचा चेहरा जो होतो, त्यासाठी मी वर्गसमीकरणं सोडली असं म्हणायला मला आवडतं. खरं म्हणजे दुसरं काम मिळालं नव्हतं.

आणि मुलं उत्तरं देतात ती कुठल्याही पुस्तकात नसतात. दान नावाचा एक मुलगा होता. खेळघरात सहा बाहुल्या टेबलाशी बसवल्या आणि त्याला म्हटलं, सगळ्यांना ताटल्या आण. त्याने पाच आणल्या. मी विचारलं, "पुरल्या का?" त्याने बघितलं, विचार केला, एक बाहुली उचलून कोपऱ्यात पालथी झोपवली आणि म्हणाला, "हिचं पोट दुखतंय." वजाबाकीचं इतकं समाधानकारक उत्तर मला अकरा वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

पण आज मला लिहायचंय ते रेवाबद्दल, कारण तिच्या बाबतीत मी चुकले होते.

रेवा तिसऱ्या गटात होती, म्हणजे आपली पहिली. वय सहा. बाबा निखिल पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, आई अमृताही आता इथल्या एका कंपनीत. रेवाचा जन्म इथलाच. मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. घरी आकडे इंग्रजीत, शाळेत डचमध्ये. वर्षाच्या सुरुवातीला ही मुलगी वर्गातली सर्वांत बडबडी होती. नाताळनंतर आकडे वीसच्या पुढे गेले आणि ती गणिताच्या तासाला गप्प झाली. विचारलं तर बुटांकडे बघायची. वहीत चोवीसच्या जागी बेचाळीस, सदतीसच्या जागी त्र्याहत्तर. मी तिच्या वहीवर दोन-तीनदा चक्क 'नीट बघ' असं लिहिलं. मला वाटलं, घाई करते.

फेब्रुवारीच्या शेवटी पालकांची भेट होती. हानेकाने मला मुद्दाम बसवून घेतलं. दोघं आले, कोट काढून मांडीवर घेऊन त्या बुटक्या खुर्च्यांवर बसले.

हानेका सरळ बोलते. म्हणाली, "रेवाला संख्यांची समज अजून आलेली दिसत नाही. ती बोलतही नाही. तिला तिसऱ्या गटात अजून एक वर्ष दिलं तर बरं होईल, असं मला वाटतं. शिक्षा म्हणून नाही. वेळ म्हणून."

निखिलचे कान लाल झाले. "ती घरी शंभरपर्यंत म्हणते. उलटेसुद्धा!"

"म्हणत असेल," हानेका म्हणाली.

अमृता माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ताई, आम्ही घरी मराठी आकडे शिकवणार होतो. मी तुम्हाला गेटपाशी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, नका शिकवू, एकोणऐंशी-नव्व्याण्णवमध्ये पोरं गोंधळतात. इंग्रजी आणि डच पुरे."

मी म्हटलं होतं. शब्दश: आठवत होतं. अमृताला एकटीलाच नाही, गेटपाशी विचारणाऱ्या सगळ्या मराठी आयांना मी हेच सांगत आले होते. माझ्या स्वत:च्या मुलीलाही मी असंच वाढवलं. ती आता पंचवीस वर्षांची आहे, आणि परवा मी पुण्याच्या मावशीचं वय एकोणसाठ म्हणाले तर तिने फोनवर विचारलं, "आई, म्हणजे सिक्स्टी-नाइन का?"

हानेकाने शेवटचा निर्णय जूनपर्यंत पुढे ढकलला. दोघं गेल्यावर तिने विचारलं, "ती तुला काय म्हणाली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तू शोध, ही मुलगी कुठे अडकलीये."

दुसऱ्या दिवशी मी रेवाला घेऊन वर्गाबाहेरच्या टेबलाशी बसले. इथे अंड्यांचे खोके दहाचे असतात. आमच्याकडे रिकाम्या खोक्यांची थप्पी आणि शरद ऋतूत मुलांनी वेचलेले चेस्टनट कायम असतात. मी इंग्रजीत म्हटलं, "ट्वेंटी-फोर दाखव." तिने दोन खोके भरले आणि चार चेस्टनट बाजूला ठेवले. एका मिनिटात, न चुकता. सगळं परत मोकळं केलं. आता डचमध्ये म्हटलं, "फीर-एन-ट्विंटख."

तिने चार खोके ओढले.

डचमध्ये चोवीसला 'चार आणि वीस' म्हणतात. आधी चार ऐकू येतं, म्हणून ती आधी चार मांडत होती. इंग्रजीत जे आधी ऐकू येतं ते आधी लिहायचं असतं, तिने तोच नियम प्रामाणिकपणे पाळला होता. तिची संख्यांची समज ठणठणीत होती. भाषा उलटी होती. आणि 'नीट बघ' असं मी तिला लिहिलं होतं! नीट ऐकायला हवं होतं ते मी.

इतकं सापडल्यावर मला वाटलं, जिंकले. मी तिला समजावलं, "डचमध्ये उलटं असतं, तू उलटं करून लिही." त्याने सगळं बिघडलं. ती आता सगळंच उलटं करायला लागली. सोळाचे एकसष्ट, वीसचे शून्य-दोन, आणि इंग्रजीतलेही. आठवडाभरात तिने पेन्सिल धरणंच सोडलं. एकदा मी शेजारी बसले तर तिने वही मिटून वर हात ठेवला. सतरा वर्षांत माझ्यासमोर कुणी असं वहीवर हात ठेवला नव्हता.

मार्चमध्ये निखिलचे वडील तीन महिन्यांसाठी आले. वसंतराव. कराडचे. एका दुपारी शाळा सुटताना गेटपाशी डोक्याला मफलर गुंडाळलेला, पायात स्पोर्ट शूज आणि अंगावर मुलाचं जाकीट घातलेला माणूस दिसला, तेव्हाच मी ओळखलं. मी "नमस्कार काका" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू वाळवंटात टपरी दिसली.

"ताई, तुम्ही मराठी! चार दिवसांत इथे कुणी स्वत:हून बोललं नाही बघा. सगळे हसतात आणि सायकलवरून जातात."

त्यांना मी रेवाबद्दल काही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी खोके आणि चेस्टनट पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. आईवडिलांना दाखवावं, पोर कुठे अडकलीये. अमृताने पोहे केले होते. मी जेवणाच्या टेबलावर दोन खोके भरले, चार चेस्टनट बाहेर ठेवले आणि अडचण समजावून सांगितली. रेवा सोफ्यावर पाठ करून बसली होती. काका खिडकीपाशी बशीत चहा ओतून पीत होते.

"चार आणि वीस," ते म्हणाले. "मग बरोबरच आहे की त्यांचं."

निखिल म्हणाला, "बाबा, ते शाळेतलं आहे. वेगळं असतं."

काकांनी बशी खाली ठेवली. मला राहवलं नाही. "काय बरोबर आहे, काका?"

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून टेबलाशी आले. "आपणही चोवीसच म्हणतो ना? चो आणि वीस. चार आधी, वीस नंतर. हे लोक आपल्यासारखंच बोलतात."

मी गणित विषय घेऊन पदवी मिळवली. आयुष्यभर चोवीस म्हणत आले. सतरा वर्षं फीर-एन-ट्विंटख म्हणत आले. दोन्ही एकाच मापाने शिवलेले आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं.

"मी एकतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होतो," काका म्हणाले. निखिलने उठून उगाच खिडकी बंद केली. "कराड-चिपळूण. कुंभार्ली घाटातून. आता बघा. ही गाडी भरली, दहा. ही भरली, दहा. हे चौघे उभे. मी गाडीत चढल्यावर पहिलं कुणाकडे बघणार? उभ्यांकडे! बसलेले बसलेत, ते कुठे जात नाहीत. कंडक्टरचा डोळा उभ्यांवर. म्हणून तोंडाने आधी उभे मोजायचे. चार उभे, वीस बसलेले. चोवीस."

"पण लिहिताना?" अमृताने विचारलं.

"लिहिताना आधी ज्यांना जागा मिळाली ते. आधी आले, आधी बसले. त्यांचा मान पहिला. दोन गाड्या, दोन. मग उभे, चार."

सोफ्याच्या पाठीवरून दोन डोळे वर आले होते.

"आजोबा," रेवा इंग्रजीत म्हणाली, "उभ्या लोकांचे पाय दुखत नाहीत का?"

"दुखतात की," काका मराठीत म्हणाले. "म्हणून तर त्यांचं नाव आधी घ्यायचं."

ती येऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि त्या दोघांनी दुपारपर्यंत चेस्टनट चढवले, उतरवले. इंग्रजी आणि मराठी असं त्यांचं आपापसात चालू होतं, कुणाचं काही अडत नव्हतं. मी निघताना ऐकलं, ती म्हणत होती, "बाव्वीस." 'व' वर जोर देऊन, उभ्या माणसांना हाताने दाखवत.

सोमवारी मी हानेकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हा माणूस वर्गात येईल का?" आमच्याकडे आजी-आजोबा वर्गात येतात. कुणी विणकाम दाखवतं, कुणी बागेत कांदे लावतं. आणि गाडीत चढणारी-उतरणारी माणसं हा इथल्या पहिलीच्या गणितातला जुनाच खेळ आहे. फक्त खरा कंडक्टर आजवर कुणाला मिळाला नव्हता.

मी निखिलला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बाबांना जरूर बोलवा. पण आजोबा म्हणून. कंडक्टर वगैरे सांगायची काय गरज? वर्गात निम्म्या मुलांचे वडील माझ्या ऑफिसातले आहेत."

मी काही बोलणार तोच मागून काकांचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं. ओरडले नाहीत. अगदी साधेपणाने म्हणाले, "निखिल, कंडक्टर नको तर मी तिथे जाऊन करू काय? मला दुसरं काय येतं?"

निखिल म्हणाला, "ताई, कधी पाठवू?"

त्या गुरुवारी वर्गातली दोन मुलं तापाने घरी होती. सव्वीसांपैकी चोवीस हजर. हा योग मी जुळवलेला नाही. दहा-दहा खुर्च्यांच्या दोन गाड्या मांडल्या. काका खाकी शर्ट घालून आले होते. तो त्यांनी कराडहून कशासाठी आणला होता, मी विचारलं नाही. घंटेची दोरी नव्हती म्हणून एका मुलीने स्वत:च्या सायकलची घंटी काढून दिली. एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे चला. मुलांना तीन मिनिटांत कळलं. मी दुभाषी म्हणून उभी होते, पण पाच मिनिटांनी माझी गरज संपली. "पुढे सरका! पुढे सरका, मागे जागा आहे!" असं काका म्हणाले की सोनेरी केसांची पोरं "पुडे सर्का!" ओरडत एकमेकांना ढकलत होती. दान, तोच बाहुलीवाला, आता सात वर्षांचा, उभ्या चौघांत होता आणि घाटातल्या वळणांवर सगळ्यांच्या अंगावर पडत होता. वळणं काकांनी सांगितली नव्हती, ती त्याची त्यानेच घेतली.

टिंग. गाडी थांबली.

काका म्हणाले, "रेवा, गाडीत किती माणसं?"

सगळ्यांना ठाऊक होतं, रेवा गणितात बोलत नाही. हानेका हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. रेवाने उभ्या चौघांकडे बघितलं. एकेकाकडे बोट केलं. मग बसलेल्यांकडे हात फिरवला.

"चो-वीस," ती अगदी हळू म्हणाली. आणि मग वर्गाकडे वळून मोठ्याने, "फीर! एन! ट्विंटख!"

"लिही," काका म्हणाले.

ती फळ्यापाशी गेली. खडू हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग स्वत:शीच डचमध्ये म्हणाली, "बसलेले आधी," आणि दोन लिहिले. "आता पाय दुखणारे." चार.

दानने टाळी वाजवली. मला वाटतं, त्याला फक्त गाडी पुढे जायला हवी होती. पण वाजवली खरी.

त्यानंतर काका दर गुरुवारी यायला लागले. मुलं त्यांना 'बुस-ओपा' म्हणायची. बुस म्हणजे बस, ओपा म्हणजे आजोबा. एक गोष्ट मला तेव्हाच कळली की आकडे उलटे लिहिणारी रेवा एकटी नव्हती. घरी डचच बोलणारी सहा-सात मुलंही तेच करत होती, फक्त ती गप्प होत नव्हती, म्हणून आम्हाला दिसत नव्हती. हानेकाने फळ्याच्या कोपऱ्यात काड्यांची चार माणसं काढून ठेवली, उभी. ती आजही आहेत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. साठच्या पुढचे मराठी आकडे काकांनाही नीट फोडून सांगता येत नसत. सदुसष्टमध्ये सात कुठे दडलाय ते रेवाला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि ज्या 'एकोण'ची मी सगळ्या आयांना भीती घातली होती, तो एके दिवशी आलाच.

काकांचा शेवटचा गुरुवार होता. मे महिना. त्या दिवशी निखिल रजा काढून आला. वर्गाच्या दारात उभा राहिला, आत यावं की नाही अशा बेताने. त्याच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तू बुस-ओपाचा मुलगा आहेस? खरंच?"

"हो," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "ते एकतीस वर्षं कंडक्टर होते. खऱ्या गाडीवर. डोंगरातल्या रस्त्यावर."

"वॉव," ती म्हणाली, आणि त्याला हाताला धरून आत घेऊन आली.

सव्वीस मुलं होती. हानेका बसली, मी बसले, निखिल गुडघे हनुवटीला लावून बसला. तीन गाड्या मांडल्या होत्या. काकांनी नेहमीचा प्रश्न केला. वर्ग ओरडला, "नेखन-एन-ट्विंटख!" नऊ आणि वीस.

"आणि मराठीत?" काकांनी रेवाला विचारलं.

ती 'नऊवीस' म्हणाली. तिच्या हिशेबाने बरोबरच होतं. काका हसले. "नाही बाळा. एकोणतीस. तिसऱ्या गाडीत बघ. काय दिसतं?"

रेवाने बघितलं. "एक खुर्ची रिकामी."

"झालं तर. गाडी भरायला एक माणूस कमी. तिसाला एक उणा. एक-उण-तीस. आपले लोक भरलेली गाडी डोळ्यासमोर ठेवून बोलायचे."

रेवा विचारात पडली. त्या रिकाम्या खुर्चीकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, मराठीत म्हणाली, मोडकंतोडकं पण मराठीत, "आजोबा, तू बस ना. मग फुल."

"गाडी भरल्याशिवाय कंडक्टर बसत नसतो."

"तू बसला की भरते!"

काका त्या बुटक्या खुर्चीवर जपून टेकले. शेजारी निखिल होता. त्याने सरकून जागा केली, खरं तर खुर्च्या वेगळ्या होत्या, सरकायची काही गरज नव्हती. रेवाने घंटी दोनदा वाजवली आणि सगळा वर्ग तिसांची गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरला. दानच्या वळणांनी दोन खुर्च्या मोडल्या. त्याची नोंद आम्ही 'नैसर्गिक झीज' अशी केली.

काका कराडला परत गेले. जूनमध्ये चाचणी झाली. रेवाचा पेपर फार चमकदार नव्हता. दोन ठिकाणी उलटापालट होतीच. पण समासात तिने काडीची माणसं काढली होती आणि त्यांच्या मदतीने बाकी सगळं सोडवलं होतं. हानेकाने पेपर दोनदा बघितला आणि नोंदीत लिहिलं, चौथ्या गटात जाईल. मग मला म्हणाली, "मी फेब्रुवारीत चुकले असते."

"आपण दोघी," मी म्हटलं.

गेटपाशी विचारणाऱ्या आयांना मी आता वेगळं सांगते. जे आकडे तुम्हाला मनापासून येतात ते घरात येऊ द्या, आणि हातात काहीतरी देऊन मोजा. अंडी, चमचे, जिन्याच्या पायऱ्या, काहीही. आधीच्या ज्या आयांना मी उलटं सांगितलं, त्यांची मुलं मोठी झाली. त्यांच्यातली कुणी आजही गणपतीत भेटते आणि 'तुमचा सल्ला मानला बरं का' असं कौतुकाने सांगते. मी शिरा वाढून देते.

निकाल कळला त्या दुपारी मी शाळेच्या पटांगणातूनच काकांना फोन लावला. कराडला संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"काका, रेवा वरच्या वर्गात गेली."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फारसा बदलला नाही. "ताई, मला दुसरंच विचारायचं होतं. ती वर्गात बोलते का आता?"

माझ्यामागे वर्गाची खिडकी उघडी होती. आतून हानेकाचा आवाज आला, "रेवा, आता जरा दुसऱ्या कुणाला बोलू दे."

मी काकांना ते मराठीत सांगितलं आणि फोन खिडकीपाशी धरला. हानेका आणखी दोनदा तेच म्हणाली. फोन परत कानाला लावला, तर पलीकडे काका हसत होते.